मात दिसली की द्यायची

ह्यांनी डाव्या हाताने कॉम्प्युटरचा पडदा धरला आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्या माणसाला पाण्याचा पेला धरतानाही आधी विचार करावा लागतो, त्याने ते धूड एवढ्या तावातावाने फिरवलं की मागची वायर ताणली जाऊन प्लगमधून निसटली.

"बदमाश," हे म्हणाले.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ह्यांची जीभ जड झाली होती. 'पाणी' म्हणायचं तर घाम फुटायचा, 'उशी' म्हणता म्हणता रडकुंडीला यायचे. शिवी मात्र अशी स्वच्छ सुटायची की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी धडधाकट पैलवान बसलाय.

सून चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. "काय झालं, बाबा?"

ह्यांनी पटावरच्या पितळी वजिराकडे बोट केलं, मग तिच्याकडे केलं, आणि पुन्हा म्हणाले, "बदमाश."

"मला म्हणतायत की वजिराला?" सुनेने मला विचारलं.

"वजिराने काय घोडं मारलंय त्यांचं?" मी म्हटलं. "चहा ठेव तिथे आणि बाजूला हो."

मी पुढच्या खोलीत बॉयलर सूटला खिसे लावत बसले होते, ते टाकून आले होते. कारखान्यांत जाणाऱ्यांचे अंगावरचे कपडे शिवणं हा माझा धंदा. हाताखालच्या बायका माझ्या तोंडाला घाबरतात आणि गिऱ्हाईक माझ्या शिलाईला नावं ठेवत नाही. याहून जास्त मला कुणाकडून काही नको असतं.

पटाकडे बघितलं. बुद्धिबळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी एवढं दिसलं की ह्यांचा पोलादी राजा कोपऱ्यात उभा आहे, सोबतीला एक प्यादं आहे, आणि समोरच्या पितळेचा वजीर, हत्ती, सगळे शाबूत आहेत.

"हरलात की हो," मी म्हटलं. "हरलं म्हणून कुणी शिव्या देतं का?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाही उलटी जोडून वर विचारतेय कशी दिसते. "हर-वत... नाही," ते म्हणाले. श्वास घेतला. "हरवत नाही."

मग उजवी मूठ मांडीवर ठेवून ती डाव्या हाताने झाकली आणि कूस बदलून पडून राहिले. पडदा आणि हे, दोघांचीही तोंडं भिंतीकडे.

हे मोहरे ह्यांच्या हातचे. आयुष्य लेथवर उभं राहण्यात गेलं. यंत्रांचे दांडे, बुशा, नट असलं काय काय कातायचे. लग्न नवं होतं तेव्हा भंगारातलं पितळ आणि पोलाद आणून, घरी फावल्या वेळात घासूनपुसून, हा संच पुरा केला. घोड्याची आयाळसुद्धा कानशीने काढलेली. शेजारचे पोस्टमन रोज संध्याकाळी यायचे आणि दोघे पटाशी बसले की मला घरात दोन खांब जास्त झाल्यासारखे वाटायचे, बोलणं नाही की चालणं नाही. पुढे पोस्टमन लेकीकडे राहायला गेले, आणि त्याच सुमाराला ह्यांना झटका आला. हात गेला, वाचा गेली, आणि समोर बसणारा माणूसही गेला.

व्यायामाची बाई यायची. तिने दिलेला रबरी चेंडू हे दाबायचे नाहीत. "मी काय तान्हं बाळ आहे?" असं तोंडाने म्हणता येत नव्हतं म्हणून चेंडू खिडकीतून बाहेर टाकायचे. बाई मला एकीकडे घेऊन म्हणाली, "काकू, बोटं वापरली नाहीत तर मूठ अशीच मिटत जाणार. मग कुणालाच उघडता येणार नाही. काकांना आवडेल असं काहीतरी द्या त्या हातात."

तेव्हा सून पुढे झाली होती. तिची कंपनी बंद पडल्यापासून ती घरी बसून होती. बसून म्हणजे खरोखर बसूनच, चालायची ती फक्त बोटं, त्या टकटक पाटीवर. माझा मुलगा बाहेरगावी कामाला. तेव्हा घरात मी, हे आणि ही टकटक. ती म्हणाली, "आई, बाबांच्या तोडीचं मला खेळता येत नाही, पण खेळणारं बनवता येईल." आणि बनवलं. कॉम्प्युटर त्याची चाल पडद्यावर दाखवायचा आणि ती पटावर ह्यांनीच खेळायची, स्वतःच्या हाताने. म्हणजे आपली चाल उजव्या हाताने आणि शत्रूचीही उजव्या हाताने. व्यायामाची बाई हे ऐकून खूश. बोटं हळूहळू सुटायला लागली होती, अंगठा तर चांगलाच वळत होता.

आणि आता हे असं.

हे पटाशी येईनात, ते एक झालं. पण सुनेच्या हातचा चहाही घेईनात. मी नेला की घ्यायचे, तिने नेला की कपावर साय धरेपर्यंत तसाच. पोर रडत नव्हती, पण स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती. आणि ह्यांची मूठ दुपारीही मिटलेली, संध्याकाळीही मिटलेली. व्यायामाच्या बाईने येऊन एकेक बोट उलगडायला घेतलं तेव्हा ह्यांनी ओठ चावला.

ती गेल्यावर मी सुनेला माझ्या कापायच्या टेबलापाशी बोलावलं.

"खरं सांग. सासऱ्याला जपून हरव असं शिकवलंस ना त्या डबड्याला? दया दाखवायला गेलीस?"

"नाही हो, आई!"

"मग घाबरतं का ते मारायला?"

"त्याला घाबरता येत नाही." तिने डोळे पुसल्यासारखं केलं आणि नाक ओढलं. "मी बघितला तो डाव. मशीन जिंकतच होतं. कितीतरी वेळ जिंकत होतं. प्रत्येक चालीला आकडा आलाय, दहा हजार. दहा हजार म्हणजे मात."

"मग मारलं का नाही?"

"मारलं असतं ना."

"कधी? भोंगा झाल्यावर?"

"कसला भोंगा?"

तेव्हा मला तिला ते सांगावं लागलं. ह्यांनी ते मला एकदाच सांगितलं होतं, लग्न झाल्या वर्षी, आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नव्हतं.

ह्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ चालायचं. एक फोरमन होता, हुशार खेळायचा. हे तेव्हा नवे लागलेले, पोरसवदा. फोरमनने ह्यांना बसवलं आणि बघता बघता ह्यांचा राजा उघडा पाडला. मात समोर दिसत होती, बघणाऱ्या सगळ्यांना दिसत होती. पण फोरमन देईना. आधी हे प्यादं खाल्लं, मग ते खाल्लं. इकडून शह, तिकडून शह. राजाला पटभर पळवलं. भोवती माणसं हसतायत, ह्यांचा डबा तसाच पडलेला. शेवटी भोंगा झाला तसा फोरमन उठला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "उद्या मारतो."

"मग?" सून म्हणाली.

"मग काय. हे कारखान्यात पुन्हा पटाशी बसले नाहीत. निवृत्त होईपर्यंत. घरी हा संच केला आणि पोस्टमनना पहिल्या दिवशी सांगितलं, आपल्या घरात एकच कायदा. मात दिसली की द्यायची."

सून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे बाबांना वाटतंय की मी..."

"तू बनवलंयस म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचं नाव घेतील?"

ती उठली, आत गेली आणि मोहऱ्यांची पेटी घेऊन आली. खडू, कात्री, टेप सगळं बाजूला सारून तिने माझ्या कापायच्या टेबलावर पट मांडला. एरवी त्या टेबलावर कुणी पाण्याचा थेंब सांडला तर मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी काही बोलले नाही.

"आई, मी तुम्हाला सांगत सांगत बघते. सांगताना कधीकधी सापडतं."

"सांग. पण आधी मला हे सांग की राजा मेला हे त्याला कळतं कसं? डोळे आहेत का त्याला?"

"राजा मरतच नाही."

"म्हणजे?"

"बाकीचे मरतात. राजाला उचलून पटाबाहेर कधीच ठेवत नाहीत. त्याची वेळ आली की खेळ एक पाऊल आधीच थांबतो."

इतकी वर्षं हा खेळ माझ्या घरात चालला आणि मला हे माहीत नव्हतं. मी सुई पिनकुशनमध्ये खोचली. "मग थांबायचं हे कोण ठरवतं?"

"मोजून ठरतं. हे बघा." तिने कोपऱ्यात पोलादी राजा ठेवला, समोर पितळी वजीर आणि हत्ती. "आता ह्याची पाळी आहे. मशीन काय करतं, ह्याच्या बाजूच्या जेवढ्या म्हणून चाली होतील तेवढ्या सगळ्या काढतं. राजा इथे, राजा इथे, प्यादं पुढे. मग एकेक चाल पोटातल्या पोटात खेळून बघतं आणि विचारतं, आता राजावर कुणाचा मारा येतो का? येतो? मग ती चाल बाद. मोहरा परत जागेवर. पुढची चाल. तीही बाद. परत जागेवर."

"आणि सगळ्याच बाद झाल्या तर?"

"तर शेवटचा एक प्रश्न. आत्ता आहे तिथे उभ्या उभ्या राजाला शह आहे का? असला तर मात. नसला तर कोंडी. कोंडी म्हणजे बरोबरी. शून्य गुण."

"हे काय गं! हलायला जागा दोन्हीकडे नाही, मग एकीकडे मेला आणि एकीकडे बरोबरी?"

"दारं दोन्ही घरांची बंद आहेत, आई. पण एका घरात चोर आत शिरलाय."

मी तिला दोन्ही मांडून दाखवायला लावलं. मग तिचा हात बाजूला करून मीच राजा सरकवून बघितला. इथे गेला तर हत्ती खातो. इथे गेला तर वजीर. आणि आहे तिथे उभा राहिला तर? एका मांडणीत वजिराची नजर थेट त्याच्यावर, दुसऱ्या मांडणीत वजीर एक घर सरकून उभा आणि राजा सुखरूप, फक्त पाय उचलायला जागा नाही. एका घराचा फरक. शिलाई सुताभर सरकली तर पँट बसते किंवा उसवते, तसं. मला आवडलं ते. मनात म्हटलं, हे दोन खांब संध्याकाळभर हे बघत बसायचे होय!

"आणि गुण कसले म्हणालीस?"

"मशीन काही पावलं पुढे बघतं आणि तिथे पोचलं की मोजतं. प्याद्याला एक गुण, घोड्याला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. आपलं जास्त उरलं तर बरं, समोरच्याचं जास्त उरलं तर वाईट."

"राजाला किती?"

"राजाला काहीच नाही."

"वा! राबणाऱ्या सगळ्यांना किंमत, आणि घरच्या कर्त्याला शून्य?"

ती हसली. झाल्या प्रकारानंतर पहिल्यांदा हसली. "तो खाल्लाच जात नाही ना, मग किंमत लावून करायचं काय? त्याच्याऐवजी मातेला गुण ठेवलेत. सगळे मोहरे एकत्र केले तरी शंभराला पोचत नाहीत, म्हणून मातेला सरळ दहा हजार. म्हणजे मात दिसली की मशीन बाकी कशाकडे बघणार नाही. आता ह्या मांडणीत बघा, वजीर इथे आणला की लगेच मात. दहा हजार. आणि समजा वजीर इकडे नेला, तरी दोन चालींनी मात होतेच. दहा हजार. हत्ती असा फिरवला तर तीन चालींनी..."

ती थांबली. हातात हत्ती तसाच.

"काय झालं?"

"दहा हजार," ती म्हणाली. "तिन्हीकडे दहा हजार."

"मग?"

"मग त्याने घाई कशाला करावी, आई? आत्ता मारलं काय नि नंतर मारलं काय, त्याच्या लेखी सारखंच. जी चाल आधी हाताला लागली ती खेळतं. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. मात आहे दोन-तीन पावलांवर, आहे ना, मग झालं. असं करत ते जन्मभर जिंकत राहील आणि मात कधीच देणार नाही." तिने हत्ती खाली ठेवला. "फोरमन नाहीये ते. त्याला आज आणि उद्या कळत नाही."

"आणि हे तुला बनवताना दिसलं नाही?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी दोन मशीन एकमेकांशी खेळवायचे. दहा हजार आकडा आला की जिंकलं म्हणायचं आणि डाव बंद करायचा, अशी मीच सोय केली होती. पुढचं कशाला बघायचं, वेळ जातो म्हणून."

"म्हणजे एकही डाव शेवटापर्यंत नाही?"

"एकही नाही."

माझ्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. बटण न लावता कपडा गिऱ्हाइकाला देतेस का, इथून सुरुवात होती. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळलं. हे माझ्या हातून क्वचित घडतं, म्हणून लक्षात आहे.

दुरुस्ती म्हणाल तर एवढीशी. दहा हजारांतून मात जितकी पावलं लांब, तितके वजा करायचे. जवळची मात महाग, लांबची स्वस्त. तिने स्वतःचा लॅपटॉप आणून टकटक केलं आणि मला म्हणाली, "खेळून बघा माझ्या समोर, कसंही खेळा." कसंही खेळण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी माझा राजा घेऊन पटाच्या मधोमध गेले. तर ते मशीन मारायचं सोडून दूर दूरचे रस्ते शोधत फिरायला लागलं, आधीपेक्षा जास्त. लग्नघरी उशीर करणाऱ्या पाहुण्यासारखं, निघतो निघतो म्हणतंय आणि निघत नाही.

"वजा!" सुनेने कपाळावर हात मारला. "वजा, वजा! मी अधिक केलंय."

"एवढी शिकून?"

"एवढी शिकून."

पुन्हा टकटक. पुन्हा मी राजा घेऊन रस्त्यात उभी. या वेळी वजीर सरळ येऊन माझ्या पुढ्यात थांबला आणि खेळ संपला. मला राग यायला हवा होता, पण मी म्हटलं, "पुन्हा." पुन्हा मारलं. "पुन्हा." सून हसायला लागली. शिलाई मशीनवर शिवणाऱ्या बायका कान टवकारून बघतायत, बाईसाहेब आज काय करतायत म्हणून.

"एक सांग," मी विचारलं. "तेच हरत असेल तेव्हा काय करतं? त्यालाही दिसत असेल ना, मेलो म्हणून?"

"दिसतं. तेव्हा उलट. सगळ्यात लांबची मात निवडतं."

"मरायचंच आहे तर लांबची कशाला?"

"समोरचा चुकू शकतो ना, आई."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो लगेच ओवला गेला नाही. "शहाणं झालं मग," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून ह्यांच्या पलंगापाशी उभी राहिली. "बाबा, चूक माझी होती. मशीनला मी..."

ह्यांनी डोळे मिटले.

"अहो," मी म्हटलं, "फोरमनला कळत होतं तो काय करतोय ते. ह्याला कळतच नव्हतं. आता कळतं."

एक डोळा उघडला. "था-पा," हे म्हणाले, आणि डोळा पुन्हा मिटला.

सून आणखी समजावणार होती. मी तिला गप्प केलं. समजावून ऐकणारा माणूस असता तर माझा संसार निम्म्या आवाजात झाला असता. मी पलंगाला लागून स्टूल ओढलं, त्यावर पट ठेवला, पडद्याची वायर लावून त्याचं तोंड आमच्याकडे वळवलं आणि मोहरे मांडायला बसले. राजाच्या जागी वजीर ठेवला आणि वजिराच्या जागी राजा.

पलंगावरून "च्" असा आवाज आला.

मी मोहरे तसेच ठेवले. सुनेने वाकून गुपचूप अदलाबदल केली. मग मी खेळायला लागले. घोडा सरळ चालवला. सून म्हणाली, "अडीच घरं, आई." अडीच घरं चालवला, तर तो नेमका पितळी प्याद्याच्या तोंडात. पलंगावर पाय हलला. पुढच्या चालीला मी वजीर बाहेर काढला, दिमाखात, आणि तो मशीनच्या हत्तीने फुकटात खाल्ला.

"अगं!" हे म्हणाले. अख्खा शब्द, न तुटता. "काय... करतेस!"

"मला जमतं ते करते. तुम्हाला बघवत नसेल तर भिंत आहेच."

ते उठून बसले. डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला. आणि मग तोच डावा हात घोड्याकडे गेला.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "उजवा."

ह्यांनी तिच्याकडे रागाने बघितलं. पण बघितलं. मग उजवी मूठ पटाच्या कडेला आणली. आधी अंगठा सुटला. मग पहिलं बोट, त्याच्या मागून दुसरं, जसा जुन्या कपड्याचा टाका उसवावा तसं एकेक. दोन बोटांत आणि अंगठ्यात घोड्याचं डोकं धरलं, उचललं आणि जागेवर ठेवलं. जरा तिरका बसला. तिरकाच राहू दिला.

डाव मी आधीच घालवला होता. हे ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी झगडले. एक हत्ती वाचवला, मशीनचा उंट मारला, प्रत्येक चालीला घाम पुसला. मशीनच्या चालीही स्वतःच खेळत होते, स्वतःच्या घरावर स्वतःच्या हाताने दरोडा घातल्यासारख्या. शेवटी ह्यांचा राजा, तो वाचवलेला हत्ती आणि एक अडकलेलं प्यादं उरलं. राजा कोपऱ्याकडे सरकायला लागला. सरकवता सरकवता हत्ती मशीनच्या तोंडापाशी नेऊन ठेवला, घे म्हणून.

मी पट निरखला. हत्ती गेला तर प्यादं अडकलेलं, राजाला पाय टाकायला जागा नाही, आणि शह तर नाही...

"कोंडी करताय ना!" मी म्हटलं. "फुकट बरोबरी पाहिजे!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी त्या पटावरची धूळ पुसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. अर्धं तोंड हसलं. दुसरं अर्धं हसू शकत नव्हतं, तरी थोडं हललं.

मशीन फसलं नाही. हत्ती तिथेच सोडून त्याने वजीर मागे घेतला. ह्यांनी मान डोलावली, पोस्टमन चांगलं खेळले की डोलवायचे तशी. दोन चालींत तो हत्तीही गेला आणि वेळ आली. मलासुद्धा दिसत होतं. वजीर त्या घरात आला की संपलं. पण वजिराला जायला मोकळी घरंही भरपूर होती, मजेने फिरायला, इकडून शह, तिकडून शह. सुनेने पलंगाची कड धरली होती. हे पडद्याकडे बघत नव्हते. मशीनची चाल यायची होती आणि हे मुद्दाम पटाकडे बघत होते.

पडद्यावर चाल उमटली. सुनेने ती वाचून दाखवली नाही. ह्यांनी मान वर करून स्वतः वाचली.

मग हात पुढे केला, पितळी वजीर उचलला आणि आपल्या राजाच्या पुढ्यात आणून ठेवला.

ह्यांनी बोट राजाच्या शेजारच्या घरावर टेकवलं. तिथे हत्तीचा मारा. पुढच्या घरावर टेकवलं. तिथे वजिराचा. त्याच्या पुढच्यावर आपलंच प्यादं उभं. मग बोट परत राजावर आणलं आणि तिथून सरळ रेषेत वजिरापर्यंत नेलं.

"हेच," सून माझ्या कानाशी पुटपुटली. "अगदी हेच करतं ते."

ह्यांनी पडद्याकडे बोट केलं. "त्या-ला... कळलं?"

"काय, बाबा?"

"जिंक-लं."

"नाही, बाबा." तिला खोटं बोलता आलं असतं. "त्याला फक्त आकडा दिसतो. इथून पुढे चाल नाही, एवढंच."

हे विचारात पडले. मग बोट पडद्यावरून काढून तिच्याकडे वळवलं. त्या दिवशी वळवलं होतं तसं नाही. "मग तू... म्हण."

सुनेने माझ्याकडे बघितलं. सासऱ्याला तोंडावर असं कसं म्हणायचं, ते तिच्या डोळ्यांत होतं.

"म्हण की," मी म्हटलं. "डाव तुझाच आहे."

"मात, बाबा," ती म्हणाली.

ह्यांनी मान खाली घालून ती घेतली. मग तिने सकाळी आणून ठेवलेला चहा उचलला. तो कधीच गार झाला होता, तरी पुरता प्यायले आणि कप तिच्या हातात दिला.

मला वाटलं, आता आडवे होतील. तर हे मोहरे पुन्हा मांडायला लागले. प्यादी आधी, एकेक करून. दोन बोटं आणि अंगठा. मग हत्ती, घोडे, उंट. राजा उचलला आणि तो निसटला, पटाच्या कडेवर आपटून चादरीवर पडला आणि घरंगळत ह्यांच्या गुडघ्यापलीकडे गेला.

माझा हात आपोआप पुढे झाला. सुनेने माझं मनगट धरलं. या घरात माझं मनगट आजवर कुणी धरलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तिने सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.

हे पुढे वाकले. बोटं राजाला लागली, राजा सरकला. पुन्हा लागली, पुन्हा सरकला. तोंडातून शिवी आली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

पुढच्या खोलीतून शिवणाऱ्या बाईने ओरडून विचारलं, "काकू, ह्याला बटणं काळी लावायची की करडी?"

"जरा दम धर," मी म्हटलं. "आत ह्यांची चाल आहे."